हाताला काही लागत नाही

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सभागृहाच्या खुर्च्यांचं काम अंगावर घेतलंय आणि ते संपता संपत नाही. जुनं रेक्झिन फाडायचं, आतला काथ्या कुजलेला निघतो तो फेकायचा, मग पट्टे नवे, फोम नवा, वर कापड. एक खुर्ची झाली की शेजारची आपली पाळी आल्यासारखी तोंडाकडे बघत असते. संध्याकाळपर्यंत माझं कंबरडं मोडतं.

फोन का करत नाहीस, असं विचारलं आहेस. गेल्या वेळचा फोन आठव. तुला ऐकू जावं म्हणून मी इतका ओरडलो की शेजारचा वेल्डिंगवाला काम टाकून दुकानात डोकावून गेला, आणि एवढं झाल्यावर तू शांतपणे म्हणालीस, "बरं, सगळं नीट पत्रात लिही." म्हणून लिहितोय.

मी बरा आहे. जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झालीय, ती तेवढी भरत नाहीये. लगेच आठ्या घालू नकोस. हे खिळ्यांचं काम आहे. बाबांसारखेच मीही मूठभर बारीक खिळे डाव्या गालात ठेवतो, जिभेने एकेक पुढे आणतो, ओठांत धरतो आणि हातोडीच्या लोहचुंबकावर घेतो. सगळा बाजार पिनांच्या बंदुकीवर गेला, मी गेलो नाही. आता एवढ्या खुर्च्या म्हटल्यावर खिळे दिवसभर तोंडात, म्हणजे जीभ सोलणारच.

मास्तरीण रोज डॉक्टर डॉक्टर करते. माझी बायको शाळेतून निवृत्त झाली हे शाळेला कळलं, तिला अजून कळलेलं नाही. मला तिसरीतला मुलगा समजून तोंड उघडायला लावते आणि बॅटरीने बघते.

भाऊजी कसे आहेत? मला ओळखतील का अजून?

तुझा,
ठोक्या


२० फेब्रुवारी

ठोक्या,

ओळखणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस, मलाही सकाळी ओळखतात आणि दुपारी "बाई, तुमचं काम झालं असेल तर तुम्ही घरी जा" म्हणतात. ज्या माणसाने जन्मभर नकाशे काढले त्याला आता न्हाणीघर सापडत नाही. दिवसभर खुर्चीत बसून असतात. मान सारखी डावीकडे कलते आणि खुर्चीच्या लाकडावर आपटते. मी टॉवेलची गुंडाळी लावते, ती घसरते, मी परत लावते. माझा दिवस त्यात जातो. शुश्रूषेला येणारी बाई तासभर थांबते, त्यात मी भाजी, औषधं आणि बँक उरकते.

आता तुझं. तू सगळं लिहिलंस, पण जखम कधीपासून आहे ते लिहिलं नाहीस. ती आठवड्याभराची असती तर तिला तुझ्या पत्रात जागाच मिळाली नसती. तुला मी लहानपणापासून ओळखते. गुडघा फोडून आलास तरी दप्तर कसं हरवलं ते आधी सांगायचास.

माझं एक ऐक. पंधरा दिवस खिळे तोंडात घालू नकोस. वाटीत ठेव, खिशात ठेव, कुठेही ठेव. खिळ्यांनीच झालेली असेल तर जखम भरेल आणि मी खोटी ठरेन. नाही भरली तर मुकाट्याने मास्तरणीबरोबर डॉक्टरांकडे जायचं. ती तुला तिसरीतला समजते हे चांगलंच आहे. मी तर पहिलीतला समजते.

ताई


१४ मार्च

ताई,

तू खोटी ठरली नाहीस.

खिळे वाटीत ठेवले. काम निम्म्याने मंदावलं आणि जखम होती तशीच राहिली. मग गेलो. जिभेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि काल निकाल आला. कॅन्सर आहे. लिहून टाकलं एकदाचं. दोन कागद फाडले या एका शब्दापायी.

मी डॉक्टरबाईंना खिळ्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तंबाखू?" मी म्हटलं, सोडून खूप वर्षं झाली. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. खिळ्यांचं काही लिहून घेतलं नाही.

जिभेचं मला समजलं. डावीकडचा तुकडा काढायचा, टाके घालायचे, बोलणं थोडं जड होईल. त्याला मी तयार आहे. पण बाई म्हणतात, त्याच वेळी मानही उघडायची. मानेत दोन्ही बाजूंना बारीक बारीक गाठी असतात म्हणे, सगळ्यांनाच असतात, तुलाही आहेत. तोंडातून वाहून आलेलं नको ते त्या अडवतात. जिभेचा कॅन्सर पसरायला निघाला की पहिल्यांदा त्या गाठींत जाऊन बसतो. म्हणून डाव्या बाजूच्या गाठी काढून टाकायच्या. मी विचारलं, गेलाय का तिथे? म्हणाल्या, फोटोत तरी दिसत नाही, हातालाही लागत नाही. मग काढायच्या कशाला? तर म्हणे, तुमच्यासारख्या चार-पाच जणांत एकाच्या मानेत तो असतोच, फक्त इतका बारीक की कुणालाच सापडत नाही.

ताई, मला हे पटत नाही. तुला आठवतं, बाबा खुर्ची पुरी झाली की डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवायचे. कुठे काथ्याचा गोळा लागला की सगळं उसवायला लावायचे. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला कुठे दिसतंय? ते म्हणायचे, "त्याच्या पाठीला दिसेल." त्या हाताखाली मी शिकलो. तीन थरांखाली शेंगदाण्याएवढा गोळा असला तरी मला कळतो. आता मी रोज आंघोळीनंतर मान चाचपतो, कानामागून हाडापर्यंत. काही म्हणजे काही लागत नाही. एकदम साफ आहे. जी खुर्ची साफ आहे ती कुणी उसवतं का?

आणि खांद्याची नस त्याच वाटेने जाते. ती वाचवतात, पण हात पूर्वीसारखा वर जाईलच याची खात्री देत नाहीत. डाव्या हाताने कापड ताणायचं असतं. तो हात गेला तर मी करू काय? मास्तरणीच्या वर्गात बसू?

दुसरी एक वाट आहे. नुसती जीभ करायची आणि मानेवर नजर ठेवायची. दर महिन्याला जाऊन दाखवायचं, फोटो काढायचा. बाईंना ती फारशी पसंत नाही, पण तशी वाट आहे. तुला काय वाटतं ते लिही. तू म्हणशील तसं करीन.

ठोक्या


१९ मार्च

ठोक्या,

तुझं पत्र वाचून मी तशीच बसून राहिले. ह्यांचं डोकं लाकडावर आपटल्याचा आवाज झाला असणार, मला कुठला ऐकू यायला. बघितलं तेव्हा कानशिलावर लाल वळ उठला होता.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. मान करून घे.

तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. पण आजवर तुझ्या हाताखाली जे आलं ते सगळं तू स्वतः भरलेलं होतं. काथ्या तू पसरलास, फोम तू लावलास, म्हणून कुठे काय चुकलं ते तुला कळतं. मान तू भरलेली नाहीस. तिच्या आत काय आहे ते तुला माहीत नाही, मला नाही, आणि त्या बाईंनाही नक्की माहीत नाही. फरक एवढाच की त्या तसं कबूल करतात.

खांदा गेला तर गेला. एका हाताने कापड ताण, दातांत धर, मास्तरणीला ताणायला लाव. दुकान बंद कर. मला खुर्च्या बनवणारा भाऊ नको आहे, मला भाऊ हवा आहे. कसलाही चालेल.

महिन्याच्या महिन्याला दाखवायला जाणारा तू नव्हेस. तुझ्या चष्म्याची काच तडकून किती वर्षं झाली?

मला आत्ता तिथे असायला हवं होतं. तुला हाताला धरून आत नेऊन बसवलं असतं. पण मी इथून हलले तर ह्यांच्याजवळ कोण बसेल? ह्यांना थोडे दिवस ठेवून घेतील का, असं दोन ठिकाणी फोन करून विचारलं. एका ठिकाणी मला काही ऐकू आलं नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी ऐकू आलं ते न आलेलं बरं होतं. तेव्हा हात-पाय बांधल्यासारखी इथे बसून लिहिते आहे. करून घे, बाळा.

ताई


६ एप्रिल

ताई,

झालं. घरी आलो. जिभेचा डावा भाग गेला, टाके आहेत, सगळं पातळ गिळतो. बोलतो, पण मास्तरणीशिवाय कुणाला कळत नाही. ती मला दर वाक्याला "पुन्हा म्हण" म्हणते. तिचा जन्म यासाठीच झाला होता.

तू म्हणालीस तसं सगळं एकदमच उरकून टाकलं. आता काळजी करू नकोस.

जास्त लिहवत नाही.

ठोक्या


१२ एप्रिल

ठोक्या,

तुझं पत्र हातात धरून मी घरभर फिरले. ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "छान. कोण आहे हा मुलगा?" मी म्हटलं, माझा भाऊ आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंय त्याने.

मला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही. आता कुठे आपली जोडी जमली. फोनचा प्रश्न कायमचा मिटला.

खांद्याचा व्यायाम रोज करायचा असतो असं आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईने सांगितलं. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायची, जेवढा हात जाईल तेवढी. दुखलं तरी रोज थोडी वर. तू करतोस ना? कुठपर्यंत जातो हात? पेन्सिलीने खूण करून ठेव आणि मला कळव.

मी बऱ्याच दिवसांनी झोपले. नेहमीसारखी नाही, खरी झोपले.

ताई


३ मे

ताई,

भिंत चढतो. हात पार वरपर्यंत जातो, पेन्सिलीच्या खुणेला जागाच उरली नाही. डॉक्टरबाईंनाही आश्चर्य वाटेल असा खांदा आहे.

निम्म्या खुर्च्या झाल्या. आता खिळे वाटीतच ठेवतो. मान रोज चाचपतो, काही लागत नाही.

थोडी गडबड आहे. सभागृहवाले उद्घाटनाची तारीख ठरवून बसलेत आणि मधे मधे दवाखान्यात गेलं की अख्खा दिवस जातो. काम संपलं की सवडीने लिहितो.

ठोक्या


२१ जुलै

ताई,

स. न. मी कधी तुम्हाला वेगळं पत्र लिहीत नाही. आज त्यांना न विचारता लिहिते आहे.

यांच्या मानेत डावीकडे गाठ आली आहे. जबड्याच्या खाली, लिंबाएवढी. मला गेल्या आठवड्यात दिसली. त्यांना ती त्याच्या बऱ्याच आधी हाताला लागली होती. सुरुवातीला मण्याएवढी होती म्हणतात. "जिभेच्या टाक्यांची सूज मानेत आली असेल" असं स्वतःला समजावलं, आणि कॉलरचं वरचं बटण लावून हिंडत राहिले. या उकाड्यात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तीस वर्षं मुलांच्या लपवाछपव्या पकडल्या आणि घरातली पकडता आली नाही.

दर महिन्याला दाखवायला जायचं ठरलं होतं. पहिल्यांदा गेले. पुढच्या दोन्ही वेळा मला "जाऊन आलो, सगळं ठीक आहे" म्हणाले आणि सभागृहात जाऊन खुर्च्या केल्या.

आता फोटो झाला. एक नाही, चार गाठींत पसरलाय, आणि मोठ्या गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय. कवच फुटणं चांगलं नसतं असं डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं. मोठं ऑपरेशन, मग वीज द्यायची, म्हणजे रेडिएशन, सोबत सलाइनमधून औषध. त्यानंतर काय ते सांगता येत नाही.

ताई, रागावू नका, पण तुमच्या शब्दावर मी विसंबले होते. ऑपरेशनच्या वेळी मी म्हणत होते की मानेचंही करून टाकू. तेव्हा हे म्हणाले, "ताईचं पत्र आलंय, तिचंही मत आहे की चांगल्या मानेला हात लावू नये." मग मी गप्प बसले. तुम्ही तसं लिहिलंत म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल, असं वाटलं.

तुमची,
मास्तरीण


२९ जुलै

ठोक्या,

मास्तरणीला मी खरं काय ते कळवलं आहे. ती तुझ्याशी काय बोलली असेल ते तुमचं तुम्ही बघा.

तू मला लिहिलंस, सगळं उरकलं. तिला सांगितलंस, ताई नको म्हणाली. दोन बायका दोन गावांत निश्चिंत करून टाकल्यास आणि मधून निघून गेलास. मी इथे तुझ्या खांद्याची चौकशी करत होते. न कापलेल्या मानेच्या खांद्याची. भिंत चढतो म्हणे. का नाही चढणार?

खूप वाईट लिहिलं होतं यापुढे. फाडून टाकलं.

मला फक्त एक सांग. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा तुला काय वाटलं? तुझा हात कधी चुकत नाही. तेव्हाही चुकला नसणार. तुला कळलं होतं, ठोक्या. त्या क्षणी कळलं होतं.

मी काय करू सांग. रागवावं तर तू आजारी आहेस. यावं तर ह्यांना सोडून येता येत नाही. देवाला सांगावं तर त्यालाही माझ्यासारखंच ऐकू येत नसावं. पत्र लिहून टपालात टाकते आणि ते तुझ्यापर्यंत पोचेतो त्यातलं सगळं शिळं होऊन जातं.

ऑपरेशनला आत नेतील तेव्हा मास्तरणीचा हात धर. माझा समज.

ताई


१८ सप्टेंबर

ताई,

कळलं होतं.

सभागृहात शेवटच्या रांगेत काम चाललं होतं. घाम पुसायला मानेवरून हात नेला आणि लागली. मी ती खुर्ची पुरी केली. मग पुढची केली. वाटलं, जोवर मी कुणाला सांगत नाही तोवर ती माझ्या हातालाच माहीत आहे. हात गप्प बसला तर कुणाला कळणार आहे?

तू मागे लिहिलं होतंस, मान तू भरलेली नाहीस. ते वाचलं तेव्हाच मला तुझं पटलं होतं. पटल्यावरच तर भीती वाटली. मग मास्तरणीला खोटं सांगितलं, कारण तुम्ही दोघी एक झालात तर मला पळायला जागा राहिली नसती. तुला खोटं लिहिलं, कारण तू झोपत नाहीस हे मला माहीत होतं. याला कारण म्हणता येत नाही, पण दुसरं काही सापडत नाही.

आता मान झाली आहे. कानामागून गळ्यापर्यंत शिवण आहे. टाके छान घातलेत, बारीक आणि सारख्या अंतरावर, मी आरशात बघून डॉक्टरबाईंना तसं सांगितलंही. त्या हसल्या नाहीत. डावा हात छातीच्या वर जात नाही. आता खरंच भिंत चढतो, आणि मास्तरीण पेन्सिलीने खुणा करते. खूण हलत नाही.

वीज देणं चालू आहे. गळा आतून सोलून निघालाय, थुंकी गिळायची म्हटलं तरी हिय्या करावा लागतो. औषधाने कानात सारखी शीळ वाजते आणि ऐकू कमी येतं. आता आपल्या खानदानात तू एकटी बहिरी नाहीस.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण तू कामात आहेस, आणि माफ करणं हे फार लांबलचक काम आहे. जमेल तसं कर.

ठोक्या


२७ नोव्हेंबर

ताई,

उपचार संपले. आता वाट बघायची असते. मला कधी वाट बघायची सवय नाही, म्हणून एक काम काढलं.

भाऊजींसाठी खुर्ची केली आहे. त्यांची मान डावीकडे कलते म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशीसारखे कान काढलेत, डावा थोडा जाड. सांगाडा जुनाच, चांगल्या लाकडाचा, दुकानात पडून होता. आत काथ्या, वर फोम, वर सुती कापड, घाम शोषून घेणारं. मास्तरणीने डावीकडून कापड ताणलं, मी उजव्या हाताने ठोकलं. खिळे वाटीतून तीच देत होती. एकदा तिने विसरून खिळा ओठांत धरला, तर मी असा ओरडलो की माझ्या तोंडून चक्क स्पष्ट शब्द निघाला.

बोटांना जरा मुंग्या येतात औषधामुळे. कमी होतील म्हणतात. हात तोच आहे.

पुरी झाल्यावर मी डोळे मिटून तळहात फिरवला. मला काही लागलं नाही. पण आता माझ्या "काही लागलं नाही"वर कुणी विश्वास का ठेवावा? म्हणून तू बघ. तूही बाबांचीच मुलगी आहेस. डोळे मिटून सगळीकडे हात फिरव, डावीकडे विशेष, आणि काय असेल ते खरं कळव. कुठे गाठ राहिली असेल तर खुर्ची परत पाठव, मी उसवून नव्याने करीन. भाऊजींना सांगता येणार नाही, पण त्यांच्या मानेला दिसेल.

मालवाहू गाडीवाला दोन आठवडे म्हणतोय. वाट बघतो.

ठोक्या


८ जानेवारी

ताई,

स. न. खुर्ची पोचली असेल. यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे, पण पुढचं त्यांनी सांगितलेलं नाही.

मानेत परत आलंय. शिवणीच्या खालीच, खोल, मेंदूला जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून सांगितलं की आता कापता येणार नाही, आणि वीजही पुन्हा देता येणार नाही. दुखणं कमी ठेवू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. यांनी कागदावर लिहून दाखवलं, "तुम्ही आधीच सांगितलं होतं." त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

बोटांच्या मुंग्या गेल्या नाहीत, बोटंच गेल्यासारखी आहेत. शर्टाची बटणं मी लावते. परवा गरम कपाला हात चिकटून राहिला तरी त्यांना कळलं नाही, कातडी सोलली. तरी खुर्ची त्यांनी स्वतःच तपासली. मला हात लावू दिला नाही.

रोज टपालवाल्याची वेळ झाली की खिडकीशी जाऊन बसतात. खुर्ची कशी झाली तेवढंच विचारतात. दुसरं काहीच विचारत नाहीत. तुम्ही लवकर कळवा.

मास्तरीण


१५ जानेवारी

मास्तरीण,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. त्याचं वेगळ्या पाकिटात आहे. हे वाचून फाडून टाक.

खुर्ची आली त्याच दिवशी मी हात फिरवला. डाव्या कानात, अगदी मान टेकते तिथे, गाठ आहे. काथ्याचा गोळा झालाय, सुपारीपेक्षा मोठा. उजवीकडे खाली कापडाला घडी पडून राहिली आहे. मी कारागीर नव्हे, मला ऐकूही येत नाही, पण गाठ आणि घडी पहिल्याच फेरीत हाताला लागल्या. आमच्या बाबांनी ही खुर्ची दारातूनही बाहेर जाऊ दिली नसती.

किती दिवस झाले, मी काय लिहावं ते ठरवत होते. त्याने खरं मागितलं आहे. आणि खरं कळवलं तर तो परत मागवील, उसवायला बसेल, हे तुलाही माहीत आहे. कशाने उसवील? आणि नुसतं वाचूनच त्याला कळेल की त्याचा हात गेला. बाकी सगळं गेलंय हे त्याला माहीत आहे. तेवढं एक त्याला अजून माहीत नाही.

हे त्या गाठीवरच डोकं ठेवून बसतात. मी आधी टॉवेल घालून बघितला, तो त्यांनी काढून टाकला. गाठीला गाल टेकतात आणि शांत होतात. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी सलग जेवले.

त्याच्यासमोर पत्र वाचशील तेव्हा चेहरा सांभाळ. मोठ्याने वाच, त्याला आता कमी ऐकू येतं. आणि वाचून झाल्यावर त्याच्या कपाळाला हात लाव. बोटांना नाही, कपाळाला. तिथे त्याला कळेल.

ताई


१५ जानेवारी

ठोक्या,

खुर्ची पोचली. दोन माणसांनी उचलून आत आणली आणि दोघांनीही आळीपाळीने बसून बघितलं. एकाने दुकानाचा पत्ता विचारला. मी म्हटलं, त्याच्याकडे कामाची रांग आहे, तुझा नंबर लागायचा नाही.

हे बसले आणि लगेच मान टेकवली. मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, "चांगल्या माणसाने केली आहे." आता तू मला सांग, मी इतकी वर्षं संसार केला, माझ्याबद्दल एवढं कधी म्हणाले का?

तू सांगितलंस तसं केलं. ह्यांना पलंगावर निजवलं, खुर्चीपुढे उभी राहिले आणि बाबांसारखे डोळे मिटले. पाठीवरून हात फिरवला, बसायच्या जागेवरून, दोन्ही हातांवरून, मागच्या बाजूनेसुद्धा. डावीकडे, मान टेकते तिथे, दोनदा फिरवला. तू खरं कळव म्हणालास म्हणून घाई केली नाही.

हाताला काही लागलं नाही. सगळी साफ आहे. उसवायला काही नाही.

ताई